बायपोलर नैराश्य आणि वाढतं वय : एक प्रस्तावना

मुंबई-ठाण्याकडे वाढलेल्या माणसाला 'ह्याला ठाण्याला धाडा' या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पुणेकर त्याच जागी येरवडा म्हणतात. १९०१ साली सुरू झालेल्या मनोरुग्णालयामुळे एका अख्ख्या शहराच्या नावाला चिकटलेली ही शेरेबाजी अलीकडे विरत चालली आहे. ती विरण्यात त्याच शहरातल्या दुसऱ्या एका संस्थेचा वाटा मोठा आहे. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठाण्यात 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' उभी केली. मनाच्या दुखण्यासाठी कुणी धाडण्याची वाट न बघता आपल्या पायांनी जाता येतं, ही गोष्ट 'आयपीएच'ने या पट्ट्यातल्या मध्यमवर्गाच्या अंगवळणी पाडली. 'वेध'सारख्या उपक्रमांमधून ती शाळा-कॉलेजातल्या मुलांपर्यंत आणि त्यांच्या पालकांपर्यंतही गेली.

त्यामुळे ठाणे, कल्याण, डोंबिवलीतले पालक आज असे प्रश्न विचारतात, जे तीस वर्षांपूर्वी कुणी उच्चारले नसते. त्यातला एक असा : मुलीला डिप्रेशन आहे म्हणाले होते, आता दुसरे डॉक्टर बायपोलर म्हणतात, मग औषध कोणतं खरं? या प्रश्नाच्या उत्तरामागे संशोधनाचं एक छोटं, तरुण आणि बऱ्यापैकी भांडखोर क्षेत्र उभं आहे. ही प्रस्तावना त्या क्षेत्रात पाऊल टाकू पाहणाऱ्यांसाठी आहे : मानसशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणारे विद्यार्थी, नुकते एम.डी. झालेले मनोविकारतज्ज्ञ, शाळांमधले समुपदेशक, आणि हो, रात्री सगळे झोपल्यावर मोबाइलवर शोधत बसणारे आई-बाबासुद्धा. आकडेवारीची भीती बाळगू नका. लागेल तेवढी इथेच समजावून घेऊ.

आधी एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. ती काल्पनिक आहे, पण तिच्यातला एकही तपशील दुर्मीळ नाही. डोंबिवली पूर्वेला राहते, वय पंधरा. नववीपर्यंत पहिल्या पाचांत. दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर सकाळी उठेनाशी झाली. शाळेतून आली की गणवेशावरच आडवी होते, ती रात्री जेवायला उठवेपर्यंत. डबा अर्धा परत येतो. चालणं-बोलणं इतकं संथ झालंय, की हाक मारल्यावर 'ओ' यायलाही वेळ लागतो. क्लासचे सर म्हणतात लक्ष नाही. बाबा म्हणतात मोबाइल काढून घ्या. आजी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकते. फॅमिली डॉक्टर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घेतात, सगळं ठीक येतं. शेवटी मनोविकारतज्ज्ञांकडे नंबर लागतो आणि निदान होतं : नैराश्य. तोवर तिला उन्मादाचा, म्हणजे मेनियाचा, झटका कधीच आलेला नाही. जाता जाता आई सांगते, यांच्या धाकट्या बहिणीला 'तसंच काहीतरी' होतं, पण घरात तो विषय निघत नाही.

हे नैराश्य साधं, एकाच दिशेचं, की बायपोलर आजाराचं पहिलं दर्शन? त्या दिवशी जगातला कुठलाही तज्ज्ञ, कुठलंही यंत्र हे खात्रीने सांगू शकत नाही. या क्षेत्राची सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते. बायपोलर आजाराची ओळख पटते ती उन्मादावरून. मुलांमध्ये मात्र अनेकदा आधी येतं नैराश्य, आणि उन्माद येतो काही वर्षांनी. मायकेल स्ट्रोबर आणि गॅब्रिएल कार्लसन यांनी नैराश्यासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या ६० किशोरवयीनांचा तीन-चार वर्षं पाठपुरावा केला आणि १९८२ मध्ये निष्कर्ष मांडले : त्यातल्या साधारण २० टक्क्यांना पुढे उन्माद आला. कोणाला? ज्यांचं नैराश्य झपाट्याने आलं, ज्यांच्या हालचाली-बोलणं मंदावलं होतं, ज्यांना भ्रम-भास होते, ज्यांच्या कुटुंबात बायपोलरचा इतिहास होता, आणि नैराश्यविरोधी औषधावर ज्यांचा मूड भलताच वर गेला. बार्बरा गेलर यांनी वयात येण्यापूर्वीच नैराश्य झालेल्या ७२ मुलांना ती विशीत पोचल्यावर पुन्हा गाठलं. २००१ च्या त्या निबंधात जवळपास निम्म्यांना बायपोलर गटातला कुठला ना कुठला आजार होता.

आता पुन्हा त्या मुलीकडे बघा. संथ झालेलं बोलणं आणि घरात न निघणारा आत्याचा विषय, दोन्ही गोष्टी पहिल्याच भेटीत समोर होत्या. आमच्या ओपीडीतली सर्वात महत्त्वाची तपासणी रक्ताची नसते. ती आत्याबद्दल नीट विचारण्याची असते. आणि हे विचारायचं असतं आई एकटी असताना, नंतर बाबा एकटे असताना. दोघांना समोरासमोर बसवून विचारलं तर सासर-माहेराचा हिशेब निघतो आणि माहिती राहते बाजूला.

उपचाराच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा का? साध्या नैराश्यात दिली जाणारी फ्लुऑक्सेटीनसारखी औषधं बायपोलर प्रवृत्तीच्या मुलाला एकटी दिली, तर काही मुलांमध्ये मूड उसळून उन्मादाकडे जाऊ शकतो किंवा दोन्हींची मिसळ होऊन अस्वस्थता वाढते. याउलट, साधं नैराश्य असलेल्या मुलाला बायपोलर समजून वर्षानुवर्षं वजन वाढवणारी औषधं देणं हाही अन्यायच. २००४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, मुलांमधल्या सर्वच नैराश्यविरोधी औषधांवर आत्महत्येच्या विचारांबाबत ठळक इशारा छापायला लावला, तेव्हापासून डॉक्टर अधिक जपून लिहू लागले. जपून लिहिणं वेगळं आणि पुराव्यावर लिहिणं वेगळं. पुरावा जमायला त्यानंतर आणखी एक तप जावं लागलं.

त्या पुराव्याची गोष्ट जरा सावकाश सांगतो, कारण संशोधन कसं वाचावं हे यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही पाठ्यपुस्तकातून कळत नाही.

मुलांचं नैराश्य मोजायला 'सीडीआरएस-आर' नावाची मोजपट्टी वापरतात. तिच्यात १७ बाबी असतात : अभ्यासातली घसरण, मजा वाटेनाशी होणं, एकलकोंडेपणा, झोप, भूक, थकवा, अंगदुखीच्या तक्रारी, चिडचिड, अपराधीपणा, रडू येणं वगैरे. चौदा बाबी बोलून ठरवायच्या, तीन मुलाकडे नुसतं बघून : चेहरा, आवाजातला जीव, हालचाल. काहीच त्रास नसला तरी गुण १७ पडतात. (मजेची बाब आपल्याकडे भरताना मला नेहमी अडचण येते. सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास, रात्री गृहपाठ. दहावीतल्या धडधाकट मुलालाही 'गेल्या आठवड्यात मजा कधी केलीस?' हा प्रश्न कोड्यात टाकतो. आजारी कोण, मूल की वेळापत्रक, हे मोजपट्टी सांगत नाही.)

मोठ्यांच्या बायपोलर नैराश्यात क्वेटायपिन हे औषध चांगलं ठरलं होतं. तेव्हा ते मुलांतही चालेल असं सर्वांनी गृहीत धरलं. २००९ मध्ये मेलिसा डेलबेलो आणि सहकाऱ्यांनी ३२ किशोरवयीनांवर आठ आठवड्यांची छोटी चाचणी प्रसिद्ध केली. औषध घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के सुधारले. हा आकडा ऐकून कुणीही टाळ्या वाजवल्या असत्या. पण प्लासिबो, म्हणजे औषधच नसलेली हुबेहूब तशीच गोळी, घेणाऱ्यांपैकीही ६७ टक्के सुधारले होते. लहान चाचणी म्हणून सोडून द्यावं, तर २०१४ मध्ये रॉबर्ट फिंडलिंग यांच्या नेतृत्वाखाली १० ते १७ वयाच्या १९३ मुलांवरची मोठी चाचणी आली. औषधावर सीडीआरएस-आरचे गुण सरासरी २९.६ ने उतरले, प्लासिबोवर २७.३ ने. फरक नगण्य.

मग २०१७ मध्ये लुरासिडोनची चाचणी आली : ३४७ मुलं, तोच वयोगट, सहा आठवडे. औषधावर गुण २१.० ने उतरले, प्लासिबोवर १५.३ ने. हा फरक खरा होता, वजनही फारसं वाढलं नव्हतं, आणि मार्च २०१८ मध्ये एफडीएने १० ते १७ वर्षांच्या मुलांच्या बायपोलर नैराश्यासाठी त्याला मान्यता दिली. त्याआधी २०१३ मध्ये ओलान्झापिन-फ्लुऑक्सेटीन या जोडगोळीला अशीच मान्यता मिळाली होती. ती गुणकारी होती, पण भूक आणि वजन इतकं वाढवणारी, की ज्या समाजात मधुमेह घरोघरी आहे तिथे हात आखडतो.

आता वरचे आकडे पुन्हा शेजारी ठेवून बघा. 'नापास' झालेल्या क्वेटायपिनच्या चाचणीत नुसत्या प्लासिबोवर मुलं २७.३ गुणांनी सुधारली, आणि 'पास' झालेल्या लुरासिडोनवर २१ गुणांनी. दोन चाचण्यांचा कालावधी वेगळा, मुलं वेगळी, केंद्रं वेगळी. तेव्हा हे आकडे एकमेकांवर ठेवून निकाल लावता येत नाही, हे कबूल. पण डोळे उघडायला एवढं पुरेसं आहे. चाचणीत मूल दर आठवड्याला येतं. कुणीतरी अर्धा तास त्याच्याशी, त्याच्याबद्दल, घाई न करता बोलतं. आई-वडील एकत्र बसून ऐकतात. झोप, जेवण, शाळा यांची विचारपूस होते. नैराश्याचा झटकाही आपल्या गतीने ओसरत असतो. शिवाय चाचणीत घेण्याच्या दिवशी गुण थोडे चढवून धरण्याचा मोह केंद्रांना होतो आणि नंतर ते आपोआप उतरतात. हे सगळं मिळून 'प्लासिबोचा परिणाम'. म्हणजे प्लासिबोच्या रकान्यात रिकामी गोळी एकटी नसते, तिच्याबरोबर नियमित आणि आस्थेची देखभालही मोजली जाते.

म्हणूनच तुलनेचा गट नसलेल्या अभ्यासाने हुरळून जाऊ नये. २००६ मध्ये लिथियमवर असाच एक अभ्यास झाला : बायपोलर नैराश्य असलेले २७ किशोरवयीन, सहा आठवडे, सगळ्यांना लिथियम. ४८ टक्के सुधारले. चांगलं की वाईट? सांगता येत नाही, कारण शेजारी दुसरा रकानाच नाही. या विषयातला कुठलाही निबंध हाती आला की मी विद्यार्थ्यांना आधी प्लासिबोचा रकाना वाचायला सांगतो, औषधाचा नंतर.

लिथियमचा विषय निघालाच आहे तर इथे थोडं थांबायला हवं. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर त्याचा उपयोग दाखवला. २०१५ च्या एका चाचणीत ७ ते १७ वर्षांच्या मुलांच्या उन्मादात ते प्लासिबोहून सरस ठरलं. स्वस्त आहे, जुनं आहे, आणि मोठ्यांमध्ये आत्महत्येचा धोका कमी करण्याबाबत त्याचा लौकिक आहे. पण त्याची रक्तातली पातळी सांभाळावी लागते, आणि इथे डोंबिवलीचा दिवस आड येतो. शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त द्यायचं. रात्री साडेआठला गोळी घेतली तर सकाळी साडेआठला लॅबमध्ये हजर, आणि सकाळच्या सत्रातली शाळा तर सातला भरते. मग गोळी मागेपुढे होते किंवा रक्त शाळा सुटल्यावर दिलं जातं, आणि कागदावर जी 'लेव्हल' येते ती फसवी असते. लिथियमने तहान वाढते, लघवीला वारंवार लागतं. कॉलेजला सीएसएमटीकडे जाणाऱ्या मुलाला गर्दीच्या लोकलमध्ये तास-सव्वा तास उभं राहायचं असतं आणि लोकलमध्ये स्वच्छतागृह नसतं. ते मूल काय करतं? पाणी पिणं सोडतं. मे महिन्यात, घामाच्या धारांत, पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वर चढतं. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट : पाळीत पोट दुखलं की घरच्या डब्यातून निघणारी मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळीही लिथियमची पातळी वाढवू शकते. यातलं काहीही परदेशी चाचणीच्या निष्कर्षांत दिसणार नाही. आपल्याकडच्या संशोधकाने मात्र हे आपल्या नोंदीच्या फॉर्मवर रकाना करून विचारायला हवं.

लुरासिडोनचंही तसंच. ते किमान ३५० कॅलरींच्या जेवणाबरोबर घ्यावं लागतं, नाहीतर अंगात नीट शोषलंच जात नाही. दोन पोळ्या, भाजी आणि वाटीभर वरण-भात एवढं तरी पोटात जायला हवं. भूक मेलेल्या मुलाला हे कसं जमावं? चहा-बिस्किटाबरोबर घेतलेली गोळी आणि जेवणाबरोबर घेतलेली गोळी यांत जो फरक पडेल, त्यावर डॉक्टर 'औषध लागू पडत नाही' असं लिहून मोकळे होतील.

या क्षेत्रातलं मोठं भांडण निदानाचं आहे. अमेरिकेत १९९४-९५ ते २००२-०३ या काळात मुला-किशोरांच्या बाह्यरुग्ण भेटींमध्ये बायपोलर हे निदान सुमारे ४० पट वाढलं. आजार चाळीस पट वाढला नव्हता. सतत चिडणाऱ्या, आदळआपट करणाऱ्या मुलांनाही ते नाव लागू लागलं होतं. एलेन लायबेनलुफ्ट यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवून दिलं, की कायम चिडचिडी असलेली मुलं मोठी झाल्यावर बायपोलरपेक्षा नैराश्य आणि चिंतेकडे जास्त झुकतात. २०१३ च्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेत त्यांच्यासाठी वेगळं निदान आलं. आपल्याकडचं चित्र पहिल्यापासून निराळं होतं. बंगळूरच्या निम्हान्समध्ये शोभा श्रीनाथ आणि सहकाऱ्यांनी १६ वर्षांच्या आत आजार सुरू झालेल्या ३० मुलांचा चार-पाच वर्षं पाठपुरावा करून १९९८ मध्ये निबंध लिहिला. तिसांच्या तीस मुलांचा पहिला झटका पूर्ण बरा झाला. पण दोन तृतीयांश मुलांना पुन्हा झटका आला, बहुतेकांना दोन वर्षांच्या आत. म्हणजे येणारा, जाणारा, पुन्हा येणारा आजार. कायमची चिडचिड नव्हे. अमेरिकेतले निष्कर्ष जसेच्या तसे कल्याणच्या ओपीडीत आणता येत नाहीत, हे सांगायला एवढा एक निबंध पुरे.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये निम्हान्सने १२ राज्यांत केलं. १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के मुलांना कुठला ना कुठला मानसिक आजार आढळला. बायपोलर असलेल्या मोठ्यांपैकी सुमारे ७० टक्के उपचाराबाहेर होते. त्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. ठाण्यासारख्या लोकसंख्येने फुगलेल्या जिल्ह्याबद्दल बोलताना आपण गुजरात आणि मध्य प्रदेशाचे आकडे उसने घेतो, हे मला तरी खटकतं.

औषधांच्या वरच्या सगळ्या चाचण्या सहा ते आठ आठवड्यांच्या आहेत. आजार आहे वर्षानुवर्षांचा. अमेरिकेत 'कोबी' नावाच्या अभ्यासाने ७ ते १७ वयाच्या चारशेहून अधिक बायपोलर मुलांना वर्षानुवर्षं गाठलं, तेव्हा दिसलं की साठ टक्के काळ मुलं कुठल्या ना कुठल्या लक्षणात होती, आणि त्यात नैराश्याचा आणि मिश्र लक्षणांचा भाग मोठा होता. म्हणून माझं मत असं : या क्षेत्रात सर्वात जास्त टंचाई आहे ती त्याच मुलाला पाच, दहा, पंधरा वर्षं पुन्हा पुन्हा भेटत राहण्याची. नवीन रेणूंची टंचाई त्यामानाने कमी आहे. हे काम पैशापेक्षा चिकाटीने होतं, आणि ते ठाणे-कल्याण-डोंबिवलीत होऊ शकतं.

कसं, ते सांगतो. बायपोलर आई किंवा वडील इथल्या दवाखान्यांत आधीच उपचार घेत आहेत. त्यांची फाइल आहे, कोणतं औषध लागू पडलं ते लिहिलेलं आहे, मुलं घरीच वाढत आहेत. नेदरलँड्समध्ये अशा पालकांच्या १४० मुलांचा अभ्यास नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. बारा वर्षांनी त्यातल्या साधारण १३ टक्के मुलांना बायपोलर गटातला आजार झाला होता, आणि बहुतेकांची सुरुवात नैराश्याने झाली होती. (पालकांनी हा आकडा उलटूनही वाचावा : ८७ टक्क्यांना झाला नव्हता.) कॅनडात अ‍ॅन डफी यांनी अशाच मुलांमध्ये क्रम पाहिला : आधी चिंता आणि झोपेच्या तक्रारी, मग किशोरवयात नैराश्य, मग काही वर्षांनी उन्माद. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली : ज्या पालकांना लिथियम उत्तम लागू पडलं, त्यांच्या मुलांचा आजार झाला तरी वेगळ्या वळणाचा असतो, येतो, पूर्ण जातो, मधल्या काळात मूल चांगलं असतं. म्हणजे आत्याला कोणतं औषध लागू पडलं, हा डोंबिवलीतल्या त्या मुलीच्या बाबतीत संशोधनाचा प्रश्न आहे. चौकशीच्या नादात तो उगाच विचारायचा नसतो.

अशा अभ्यासात काय मोजायचं? औषधांइतकाच दिनक्रम. पिट्सबर्गच्या एलेन फ्रँक यांनी मांडलेली उपचारपद्धती या कल्पनेवर उभी आहे, की बायपोलर प्रवृत्तीच्या माणसात उठण्या-जेवण्या-झोपण्याच्या वेळा विस्कटल्या की मूडही विस्कटतो. ती किशोरवयीनांसाठी घडवून घेण्याचे प्रयत्न झाले आहेत. डेव्हिड मिक्लोविट्झ यांची कुटुंबकेंद्री उपचारपद्धती घरातल्या बोलण्याचा सूर बदलण्यावर भर देते. टोकाचं टोमणेबाजीचं वातावरण कमी केलं, आजाराची माहिती सगळ्यांना मिळून दिली, की नैराश्याचा पुढचा झटका लांबतो, असं त्यांच्या २०२० च्या अभ्यासात जोखमीच्या १२७ मुलांमध्ये दिसलं. आपल्या घरांत हे दोन्ही उपचार एकमेकांत मिसळून येतील. वन-रूम-किचनमध्ये बाबा रात्री नऊच्या लोकलने उतरणार, जेवण दहाला, टीव्ही अकरापर्यंत, आणि मूल त्याच खोलीत झोपणार. त्याला 'दहाला झोप' सांगून काय होणार? टेंभीनाक्याची नवरात्र, गणपतीतली जागरणं, दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर जमणारी तरुणाई. या रात्री-पहाटेंना झोप किती मोडते आणि पुढच्या दहा दिवसांत मूडचं काय होतं, याची साधी नोंद ठेवली तरी तो जगाला नवा ठरावा असा अभ्यास होईल. साहित्य काय लागतं? शंभर पानी वही. रोज चार गोष्टी : कधी झोपलो, कधी उठलो, आज मन उणे पाच ते अधिक पाच यांपैकी कुठे, आणि गोळी घेतली का. पहिले काही आठवडे नोंदी व्यवस्थित येतात. मग सहामाही परीक्षा येते आणि पानं कोरी राहतात. कोरी पानं फाडू नका. नैराश्य सर्वात गडद असताना वही लिहिली जात नाही, तेव्हा कोरी पानं हीसुद्धा नोंदच. आकडेशास्त्रात अशा गहाळ माहितीला हाताळण्याच्या स्वतंत्र पद्धती आहेत आणि त्या शिकून घ्याव्यात.

शेवटी कायदा आणि नीती. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार अल्पवयीन मुलाला दाखल करायचं झालं तर मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं, सोबत पालक किंवा नामनिर्देशित व्यक्ती राहते. आणि विजेचा उपचार पालकांच्या संमतीखेरीज आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाच्या पूर्वपरवानगीखेरीज करता येत नाही. भारतातल्या औषध-चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही, सीटीआरआय, २००७ पासून चालू आहे. आपल्या मुलाला कुणी चाचणीत घेऊ म्हणालं तर कुठलाही पालक ती घरबसल्या तपासू शकतो. चाचणीचा नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नये. आत्महत्येचे विचार असलेलं मूल असेल तर चाचणी-बिचाणी बाजूला, आधी उपचार. आणि रात्री-अपरात्री कुणाशी बोलावं असं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांच्या संमतीबरोबर मुलाचीही मान्यता घ्यायची असते : ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी, १२ ते १८ वर्षांच्या मुलाची लेखी. बहुतेक ठिकाणी हा कागद इंग्रजी मसुद्यावरून घाईत उतरवलेला असतो आणि तो शासकीय परिपत्रकासारखा वाचला जातो. तो नव्याने लिहावा. त्यात साध्या मराठीत असावं, की तू केव्हाही नाही म्हणू शकतेस आणि नाही म्हटलंस तरी डॉक्टर तुला तपासत राहतील. तुझी वही आईला किंवा शाळेला दाखवली जाणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मात्र आम्ही आई-बाबांना सांगू, आणि सांगण्याआधी तुला सांगू. मसुदा नीतिसमितीकडे पाठवण्यापूर्वी तेरा-चौदा वर्षांच्या दोघा-तिघा मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि जिथे ती अडखळतील ती वाक्यं पुन्हा लिहा.